विश्लेषण : पत्ता टाकायला किती वेळ लावायचा? स्पर्धांमध्ये ‘संथ खेळ’ हा नियमभंग का ठरतो?

सकाळच्या गर्दीची लोकल. चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली बॅग आणि तिच्यावर रंगलेला पत्त्यांचा डाव. एकजण हातातले पत्ते पुन्हा पुन्हा लावत बसलाय आणि बाकीचे तिघे ओरडतायत, ‘टाक रे लवकर, दादर आलं!’ स्टेशन आले की डाव मोडतो, पत्ते खिशात जातात आणि उरलेला हिशेब उद्यावर ढकलला जातो. कुणाचेच फारसे बिघडत नाही.

हाच प्रसंग मोठ्या स्पर्धेच्या हॉलमध्ये घडला तर? समोरचा विचार करत बसलाय, भिंतीवरचे घड्याळ उलटे पळतेय, तुम्ही जिंकायच्या बेतात आहात आणि वेळ संपते. निकाल बरोबरी. किंवा त्याहून वाईट म्हणजे, पहिला डाव त्याने जिंकला होता म्हणून सामना त्याचा. तो खरोखर अडला होता की मुद्दाम रेंगाळला, हे कुणी ठरवायचे? आणि कसे? ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारखा आधुनिक खेळ असो, ब्रिज असो की पोकर, प्रत्येक खेळाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले आहे. ही उत्तरे नेमकी काय आहेत आणि त्यांत कुठे फटी राहतात, ते समजून घेऊ.

वेळेची मर्यादा लागतेच कशाला?

पत्त्यांच्या बऱ्याच मोठ्या स्पर्धा ‘स्विस’ पद्धतीने होतात. यात हरलेला खेळाडू बाहेर जात नाही. प्रत्येक फेरीनंतर साधारण सारखे गुण असलेले खेळाडू एकमेकांसमोर बसवले जातात. त्यामुळे शेवटच्या टेबलाचा निकाल हाती आल्याशिवाय पुढच्या फेरीच्या जोड्या लावताच येत नाहीत.

साधा हिशेब करू. स्पर्धेत २०० खेळाडू आहेत. एकाच टेबलावरचा सामना १० मिनिटे लांबला. बाकीचे १९८ जण प्रत्येकी १० मिनिटे ताटकळले, म्हणजे मिळून १,९८० मिनिटे, अर्थात तब्बल ३३ तास. असे आठही फेऱ्यांत झाले तर स्पर्धा ८० मिनिटे उशिरा संपते. हॉलचे भाडे, पंचांची ड्युटी, परतीची गाडी सगळेच कोलमडते. म्हणून वेळेची मर्यादा हवीच. खरी अडचण पुढे सुरू होते. मर्यादा घातली की वेळ हेच एक हत्यार होते.

‘मॅजिक’च्या फेरीत घड्याळ कसे चालते?

१९९३ साली गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला आणि ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने बाजारात आणलेला हा खेळ आपल्या ५२ पत्त्यांच्या कॅटपेक्षा वेगळा आहे. हजारो वेगवेगळ्या पत्त्यांतून निवड करून प्रत्येक खेळाडू स्वतःचा संच घरून बांधून आणतो. बहुतेक प्रकारांत त्यात किमान ६० पत्ते लागतात. प्रत्येक पत्त्यावर त्याचे काम लिहिलेले असते आणि ते काम खेळाचे मूळ नियमसुद्धा वाकवू शकते.

सामना तीन डावांचा असतो, दोन जिंकेल तो विजेता. फेरीसाठी साधारण ५० मिनिटे मिळतात. वेळ संपल्याची घोषणा झाली की चालू पाळी पूर्ण करायची आणि त्यानंतर दोघांच्या मिळून पाच जादा पाळ्या खेळायच्या, ही पद्धत वर्षानुवर्षे रूढ आहे. तेवढ्यातही डाव संपला नाही तर तो डाव बरोबरीत धरला जातो.

विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. म्हणजे निकाल लागलेल्या सामन्यातून ३ गुण वाटले जातात आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्यातून दोघांचे मिळून फक्त २. एक गुण हवेत जातो. वरच्या आठांत येण्यासाठी झगडणाऱ्याला बरोबरी जवळजवळ पराभवाइतकीच महागात पडते.

त्याहून मोठी गोम पुढे आहे. समजा एकाने पहिला डाव जिंकला आणि दुसरा वेळेत संपला नाही. मग जिंकलेल्या डावांची संख्या त्याच्या बाजूने १-० राहते आणि सामना त्याला मिळतो. थोडक्यात, पहिला डाव खिशात असलेल्याला दुसरा डाव जिंकायची गरजच नाही. तो संपू नये, एवढेच पुरते.

कबड्डी पाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. चढाईला ३० सेकंद असतात. आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करून वेळ मारून नेऊ शकतो. म्हणून प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ होते. गुण आणा नाहीतर बाद व्हा. क्रिकेटमध्येही आयसीसीने एकदिवसीय आणि टी-२० सामन्यांत दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचे ‘स्टॉप क्लॉक’ आणले. तिथे मोजमाप सोपे आहे. चढाई कधी सुरू झाली, षटक कधी संपले, हे सगळ्यांना दिसते. पत्त्यांच्या टेबलावर विचार कधी सुरू झाला हे कसे मोजणार?

मग बुद्धिबळासारखे घड्याळ का लावत नाहीत?

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येकजण विचारतो. बुद्धिबळात १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे यांत्रिक घड्याळ वापरले गेले आणि वाद मिटला. चाल केली, बटण दाबले, आता वेळ समोरच्याची जाते. गेल्या वर्षी नव्हे, अगदी सुरुवातीपासून या घड्याळाचे सौंदर्य एकाच गोष्टीत आहे. कोणत्याही क्षणी वेळ कुणाची चालली आहे, याबद्दल शंका नसते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तोही जलद टायब्रेकरमध्ये, म्हणजे बुद्धीइतकाच घड्याळाशी सामना करत.

मॅजिकमध्ये मात्र ‘पाळी कुणाची’ आणि ‘निर्णय कुणाचा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका पाळीचे पाच मुख्य टप्पे असतात, त्यांत पुन्हा उपटप्पे. पाळी तुमची असली तरी तुम्ही टाकलेल्या जवळपास प्रत्येक पत्त्यावर समोरच्याला प्रत्युत्तर द्यायची संधी मिळते. त्याने काही केले तर त्यावर पुन्हा तुम्हाला संधी. निर्णयाचा हक्क असा एका पाळीत कितीतरी वेळा इकडून तिकडे जातो. प्रत्यक्ष टेबलावर खेळाडू यातले बहुतेक टप्पे मान डोलावून, ‘ठीक आहे’ म्हणून किंवा हाताच्या खुणेने ओलांडतात. प्रत्येक वेळी बटण दाबायचे ठरवले तर खेळ कमी आणि टकटक जास्त होईल. बटण दाबायचे राहिले की त्यावरून नवे भांडण.

संगणकावर हा प्रश्न सुटतो, कारण निर्णय कुणाकडे आहे हे सॉफ्टवेअरला नेमके ठाऊक असते. ‘मॅजिक ऑनलाइन’मध्ये बुद्धिबळासारखीच प्रत्येक खेळाडूची वेळ स्वतंत्र मोजली जाते. सामन्यासाठी प्रत्येकी २५ मिनिटे ही तिथली रुळलेली पद्धत. तुमची वेळ संपली की सामना गेला. पण समोरासमोरच्या स्पर्धेत ५० मिनिटांची वेळ ही दोघांची सामाईक मालमत्ता असते. एकाने जास्त वापरली तर ती दुसऱ्याच्या वाट्यातून जाते. सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

संथ खेळ आणि वेळकाढूपणा : फरक कुठे?

मॅजिकची नियमावली दोन वेगळे दोष मानते. पहिला संथ खेळ. एखादी कृती करायला रास्त वाटेल त्यापेक्षा जास्त वेळ घेणे म्हणजे संथ खेळ. यात हेतू पाहिला जात नाही. दुसरा वेळकाढूपणा, म्हणजे वेळेच्या मर्यादेचा फायदा उठवण्यासाठी मुद्दाम रेंगाळणे. पहिल्याला ताकीद, दुसऱ्याला थेट स्पर्धेतून हकालपट्टी. दिसायला दोन्ही सारखेच, शिक्षेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

संथ खेळाची व्याख्या करताना नियमावलीने सेकंदांचा आकडा दिलेला नाही. ‘रास्त’ म्हणजे किती, हे टेबलाशेजारी उभा असलेला पंच ठरवतो. त्याच्यासाठी उपयोगी निकष असा, की खेळाची स्थिती बदलली आहे का? नवा पत्ता आला, समोरच्याने अनपेक्षित चाल केली, तर थोडा विचार होणारच. पण काहीही बदललेले नसताना समोरच्याचे खेळून झालेले पत्ते चौथ्यांदा चाळणे, पत्ते पिसण्यात अवाजवी वेळ घालवणे, सामना चालू असताना परवानगी न घेता उठून गुणतक्ता बघायला जाणे, हे सगळे संथ खेळात मोडते.

‘पण माझी परिस्थितीच किचकट होती’ ही सबब चालत नाही. परिस्थिती कितीही गुंतागुंतीची असो, वाजवी वेगाने खेळण्याची जबाबदारी खेळाडूचीच, असे नियम स्पष्ट सांगतात. हे कठोर वाटते. पण दुसऱ्या बाजूने पाहा. किचकट संच निवडून आणणारा मी, त्याचा सराव न करणारा मी आणि त्याची किंमत समोरच्याने का मोजावी?

शिक्षा पायरीपायरीने होते. अनेकदा आपण संथ खेळतोय हे खेळाडूच्या लक्षातही येत नाही. म्हणून सुरुवातीला पंच फक्त ‘जरा वेग वाढवा’ एवढेच सांगतात आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागते. नाही भागले तर अधिकृत ताकीद. तिच्यासोबत भरपाईही असते. सामना वेळेपलीकडे गेला तर दोघांना एकेक पाळी वाढवून मिळते. ताकीद देऊनही सुधारणा नसेल तर डाव गमवावा लागतो.

वेळकाढूपणा सिद्ध करणे जास्त अवघड, कारण डोक्यात काय चालले आहे ते दिसत नाही. वेगातला फरक मात्र दिसतो. पिछाडीवर असताना भराभर पत्ते टाकणारा खेळाडू आघाडी मिळताच अचानक तत्त्वचिंतक झाला, किंवा हातात खेळण्यासारखे काहीच नसताना तो बराच वेळ छताकडे बघत राहिला, तर पंचांचे कान टवकारतात. दोन्ही प्रसंगी त्याचा फायदा कशात आहे, हे घड्याळावरून आणि गुणांवरून वाचता येते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संथ संच घेऊन खेळणे हा दोष नाही. समोरच्याची प्रत्येक चाल अडवत, वीस-पंचवीस पाळ्यांनी जिंकणारे संच पूर्ण वैध आहेत. पाळ्या कितीही होवोत, प्रत्येक पाळी वाजवी वेगात झाली पाहिजे, एवढीच अट.

जिंकणार हे नक्की, पण कधी ते सांगता येत नाही!

या नियमाची सर्वांत गमतीदार कसोटी पाहिली ती ‘फोर हॉर्समेन’ नावाच्या संचाने. इंजिनीअरिंगला ‘लूप’ शिकलेल्यांना हे विशेष आवडेल.

या संचात दोन पत्त्यांची अशी जोडी आहे की खेळाडू स्वतःच्या गठ्ठ्यातले पत्ते एकेक करत हवे तितके उलटत जाऊ शकतो. ठरावीक पत्ते आधी उलटले की तो जिंकतो. पण गठ्ठ्यात एक पत्ता असा आहे, की तो उलटला की उलटलेले सगळे पत्ते परत गठ्ठ्यात जातात, गठ्ठा पिसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. हवा तो क्रम कधी ना कधी येणारच. पण पहिल्या प्रयत्नात येईल की शंभराव्या, हे कुणीच सांगू शकत नाही.

मॅजिकमध्ये एखादी क्रिया वारंवार करायची असेल तर ‘हे मी अमुक वेळा करतो आणि शेवटी अशी स्थिती येते’ असे जाहीर करून थेट शेवटाकडे जाता येते. त्यासाठी नेमका आकडा आणि नेमका शेवट सांगावा लागतो. फोर हॉर्समेनच्या खेळाडूला दोन्ही सांगता येत नाही. आणि आकडा न सांगता तेच चक्र चालू ठेवणे, याला नियमावली स्पष्टपणे संथ खेळ म्हणते. मग तो कितीही वेगाने पत्ते उलटत असला तरी!

नाणेफेकीचे उदाहरण घ्या. ‘सलग दहा वेळा छापा येईपर्यंत मी नाणे उडवत राहीन’ असे कुणी म्हणाले तर तो कधीतरी यशस्वी होणार हे नक्की. पण त्यासाठी सरासरी २,०४६ वेळा नाणे उडवावे लागते. समोरच्याने तोवर बसून राहायचे का? नियमाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गणिती खात्री वेगळी आणि ५० मिनिटांच्या फेरीतली खात्री वेगळी.

हा प्रश्न आणखी खोल जातो. ॲलेक्स चर्चिल, स्टेला बायडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी २०१९ मध्ये एका शोधनिबंधात दाखवले, की मॅजिकचे पत्ते विशिष्ट रीतीने मांडून कोणताही संगणकीय प्रोग्रॅम चालवता येतो. त्याचा परिणाम असा, की काही मांडण्यांत अखेर कोण जिंकणार हे सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही. ज्या खेळात शेवट होईल की नाही हेच कधीकधी ठरवता येत नाही, तिथे माणसाच्या हातात घड्याळ आणि पंचांच्या हातात निर्णय देण्यावाचून पर्याय उरत नाही.

खेळाडूला नव्हे, पत्त्यालाच शिक्षा

काही वेळा दोष खेळाडूचा नसतो. पत्ताच असा असतो की वेगाने खेळूनही वेळ जातो. मग आयोजक त्या पत्त्यावरच बंदी घालतात.

२०१२ मध्ये सिॲटलला झालेली ‘प्रो टूर’ स्पर्धा चेक खेळाडू स्टानिस्लाव चिफ्काने जिंकली ती ‘एग्ज’ नावाच्या संचाने. हा संच एकाच पाळीत आपलेच पत्ते मोडून पुन्हा पुन्हा परत आणायचा. पाळी इतकी लांबायची की समोरचा खेळाडू निव्वळ प्रेक्षक होऊन बसायचा. २०१३ मध्ये या संचाचा कणा असलेला ‘सेकंड सनराइज’ हा पत्ता ‘मॉडर्न’ प्रकारातून बाद झाला. कारण तो फार बलवान होता हे नव्हते, तर त्याच्यामुळे फेऱ्या लांबत होत्या हे होते.

‘सेन्सीज डिव्हायनिंग टॉप’ची गोष्टही बोलकी आहे. गठ्ठ्यातले वरचे तीन पत्ते बघून त्यांचा क्रम बदलायचा, इतकेच त्याचे काम. पण ते जवळपास कधीही, पुन्हा पुन्हा करता येते. दर वेळी काही सेकंद, आणि एका सामन्यात असे कितीतरी वेळा. २०१७ मध्ये ‘लेगसी’ प्रकारातून त्याला निरोप देताना स्पर्धेचा वाया जाणारा वेळ हेही एक कारण सांगितले गेले.

सगळ्यांत भन्नाट पत्ता मात्र १९९३ चा ‘शहरजाद’. अरबी सुरस कथांमधली, गोष्टीतून गोष्ट काढत एक हजार एक रात्री जिवंत राहणारी तीच शहरजाद. हा पत्ता टाकला की चालू डाव थांबवायचा, उरलेल्या पत्त्यांनी डावाच्या आत दुसरा डाव खेळायचा आणि तो संपल्यावर मूळ डावाकडे परतायचे. कल्पना झकास, पण ५० मिनिटांच्या फेरीचा खेळखंडोबा. अधिकृत स्पर्धांत त्यावर बंदी आली.

ब्रिजमध्ये संथपणा म्हणजे ‘इशारा’

ब्रिज हा भिडूंचा खेळ. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार या साठीच्या आसपासच्या जोडीने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा अनेकांना हा खेळ नव्याने कळला. २०२३ मध्ये हांगझोऊत भारताच्या पुरुष संघाला रौप्य मिळाले.

ड्युप्लिकेट ब्रिजमध्ये तेच वाटलेले पत्ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. त्यामुळे एक टेबल रेंगाळले की मागची सगळी टेबले खोळंबतात. एक लोकल रखडली की मागच्या सगळ्या रखडतात, तसेच. ब्रिजच्या कायद्यांत कलम ९० नुसार अवाजवी संथ खेळ हा दंडपात्र दोष आहे. वेळेअभावी एखादा डाव रद्द करावा लागला तर कलम १२ दोषाची वाटणीही करून देते. जोडी स्पर्धेत पूर्ण दोषी जोडीला त्या डावाचे जास्तीत जास्त ४० टक्के गुण, अंशतः दोषी जोडीला ५० टक्के आणि निर्दोष जोडीला किमान ६० टक्के. म्हणजे ‘तुमच्यामुळे उशीर झाला, पण भुर्दंड दोघांना’ हा मॅजिकमधला अन्याय इथे बराच कमी होतो.

मात्र ब्रिजची खरी डोकेदुखी वेगळी आहे. इथे विचार करायला लागलेला वेळ हीसुद्धा माहिती असते. समजा बोली चालू आहे. तुमच्या भिडूने बराच वेळ घेतला आणि मग ‘पास’ म्हटले. त्याच्याकडे बोली लावण्याइतके पत्ते जवळजवळ होते, हे तुम्हाला आपोआप कळले. नियमानुसार ही माहिती तुम्ही वापरू शकत नाही. पुढची बोली लावताना दोन-तीन रास्त पर्याय असतील, तर त्या रेंगाळण्याने सुचवलेला पर्याय निवडता येत नाही. निवडलात आणि प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली, तर टूर्नामेंट डायरेक्टर निकाल बदलू शकतो.

उलट बाजूने फसवायलाही बंदी आहे. एखाद्या रंगाचे एकच पान हातात असताना, म्हणजे निवडायला काहीच नसताना, खूप विचार केल्याचे नाटक करून प्रतिस्पर्ध्याची दिशाभूल करणे हा नियमभंग. आणि काही ठिकाणी तर नियम मुद्दाम थांबायला लावतो. कुणी पायऱ्या ओलांडून मोठी बोली लावली की पुढच्या खेळाडूने सुमारे १० सेकंद थांबायचे, पत्ते चांगले असोत की टाकाऊ. सगळेच थांबले की थांबण्याचा अर्थ उरत नाही. वेग वाढवण्यासाठी नियम असतात तसे वेग सारखा ठेवण्यासाठीही असतात, हे ब्रिजकडून शिकण्यासारखे.

पोकर आणि ‘यु-गी-ओ’ने काय केले?

भारतात पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. पण समोरासमोरच्या पोकर स्पर्धांनी घड्याळाबाबत केलेले प्रयोग अभ्यासण्यासारखे आहेत.

पोकरमध्ये एका वेळी एकच खेळाडू निर्णय घेतो. त्यामुळे घड्याळ लावणे सोपे. समोरचा फारच अडला तर त्याच्यावर घड्याळ लावण्याची मागणी करता येते. मग पंच ठरावीक सेकंद देतो आणि शेवटी उलटी मोजणी. तेवढ्यात निर्णय नाही तर हातातला डाव गेला. ‘वर्ल्ड पोकर टूर’ने २०१७ मध्ये पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक निर्णयाला ३० सेकंद आणि जास्त वेळ हवा असेल तर वापरायला मोजक्या ‘वेळेच्या चिप्स’. अवघड निर्णयासाठी सवलत मिळते, पण ती मर्यादित आणि स्वतःच्या खात्यातून.

बक्षिसाच्या उंबरठ्यावरची पोकरची युक्तीही हुशार आहे. समजा १०० जणांना बक्षीस आहे आणि १०१ उरलेत. कमी चिप्स असलेल्याला वाटते, आपण रेंगाळू आणि तोवर दुसऱ्या टेबलावरचा कुणी बाद होईल. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या टेबलांवर एका वेळी एकच डाव. तो सगळीकडे संपल्याशिवाय कुणीच पुढचे पत्ते वाटायचे नाहीत. रेंगाळण्याचा फायदाच शून्य.

‘यु-गी-ओ’ने बरोबरी टाळण्याचा मार्ग निवडला. वेळ संपली की ज्याचे ‘लाइफ पॉइंट’ जास्त तो विजयी. निकाल लागतो हे खरे. पण वेळ संपत आली की काही खेळाडू डाव जिंकण्यापेक्षा चार पॉइंट वर राहण्यासाठी खेळतात आणि त्यासाठी खास पत्ते संचात घालून ठेवतात. वेळ संपल्यावरचा कोणताही निकष ठरवा, खेळाडू त्याच निकषासाठी खेळू लागतात.

सॉफ्टवेअरसुद्धा यातून सुटलेले नाही. ‘मॅजिक अरिना’ या ॲपमध्ये वेळ चालीनिहाय मोजला जातो. तिथे ‘नेक्सस ऑफ फेट’ या जादा पाळी देणाऱ्या पत्त्याने काही खेळाडू जिंकण्याचा कोणताही मार्ग नसताना पाळीमागून पाळी घेत राहिले. प्रत्येक चाल वेळेत होत होती, म्हणून टायमरला आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. समोरच्यापुढे दोनच पर्याय. बसून राहा किंवा हार माना. पंच नावाचा माणूस तिथे नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲपवरच्या एका डावाच्या सामन्यांत त्या पत्त्यावर बंदी आणावी लागली.

पंचांना बोलावणे म्हणजे चहाडी नव्हे

म्हणजे पूर्ण स्वयंचलित घड्याळालाही फसवता येते आणि टेबलावरच्या खेळात शेवटी माणसाचाच निर्णय लागतो. पण पंच प्रत्येक टेबलाशेजारी उभा राहू शकत नाही. त्याला बोलवावे लागते. आणि नेमके इथेच अनेक खेळाडू, विशेषतः नवे, कचरतात. समोरचा वयाने मोठा असतो, नावाजलेला असतो किंवा अगदी गोड बोलणारा असतो. ‘उगाच वाद कशाला’ म्हणून गप्प बसतात आणि ४८ व्या मिनिटाला हात वर करतात. तेव्हा पंचांच्या हातात फारसे काही उरलेले नसते. गेलेली २० मिनिटे कुणी परत आणू शकत नाही. ताकीद मिळाली तरी जादा पाळ्या त्या दोनच.

नियम याबाबत खेळाडूच्या बाजूने आहेत. ‘आमच्या सामन्याच्या वेगाकडे लक्ष ठेवाल का?’ अशी विनंती कोणताही खेळाडू पंचांना करू शकतो आणि शक्य असेल तर ती मान्य केली जाते. हा आरोप नसतो. पंच येऊन उभे राहिले की अनेकदा दोन्ही खेळाडूंचा वेग आपोआप वाढतो, विनंती करणाऱ्याचासुद्धा.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी:

• आपला संच घड्याळ लावून घरी खेळून पाहा. ५० मिनिटांत तीन डाव होत नसतील तर आधी सराव, मग स्पर्धा.

• समोरच्याची पाळी चालू असताना आपला पुढचा विचार करून ठेवा.

• वेग खटकला तर आधी स्वतः नम्रपणे सांगा. फरक पडला नाही तर पहिल्या १५-२० मिनिटांतच पंचांना बोलवा.

• पंचांच्या निर्णयासाठी सामना थांबला असेल तर तेवढी वेळ वाढवून मागा. मॅजिकमध्ये एका मिनिटापेक्षा जास्त खोळंबा झाला की वेळ वाढवून देण्याची तरतूद आहे.

• आघाडीवर असताना आपला वेग बदलत नाही ना, हे स्वतःच तपासा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ताकीद मिळणारा प्रत्येकजण लबाड नसतो. बहुतेक जण खरोखरच अडलेले असतात. चूक करण्याच्या भीतीने पत्ता हातातून सुटत नाही. म्हणूनच नियमाने संथ खेळाला लबाडी म्हटलेले नाही, फक्त चूक म्हटले आहे. विचार करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ५० मिनिटांतली निम्मी वेळ समोरच्याची आहे आणि ती त्याला न विचारता खर्च करता येत नाही. लोकलमधल्या त्या तिघांचे ‘टाक रे लवकर’ आणि स्पर्धेतल्या पंचांचे ‘जरा वेग वाढवा’ यांत अर्थाचा फरक नाही. फक्त लोकलमध्ये हरलेला डाव उद्या पुन्हा मांडता येतो, स्पर्धेत तो मांडता येत नाही.